मॅनेजरचा मालक

ओलोरियनच्या सफारी-तळावर पाहुण्यांसाठी सहा तंबू होते, रानजैतुनाच्या झाडाखाली जेवणाची मेजं होती आणि एक मॅनेजर होता. रोज सकाळी तो सगळ्या तंबूंपुढून फेरी मारी. कुणाचे बूट बाहेर राहिलेत, कुणी सफरचंदाची साल टाकलीय, हे जातीनं बघे आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून आत रांधणाऱ्या रेसियातोकडे असा काही पाही, की कामावर उशिरा आल्यासारखं तिलाच ओशाळं व्हावं. अंगानं पांढराशुभ्र, पोटानं गोल, डाव्या कानाला घराण्याच्या ओळखीची खाच. पाहुण्यांना तो फार आवडे. तो बोकड होता.

आणि परवा संध्याकाळी त्याला कापायचं ठरलं होतं.

ठरवलं होतं रेसियातोच्या सासऱ्यांनी. त्यांचं नाव रेसियातो घेत नसे, सासऱ्याचं नाव सुनेनं तिथं घ्यायचंच नसतं. तेव्हा आपणही त्यांना नुसतं म्हातारबा म्हणू. झालं असं, की लंडनहून न्यागुथी नावाच्या मुलीचा फोन आला. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, त्यांना दोन दिवस तुमच्याकडे पाठवते, आणि बाबांना भाजलेलं मटण फार आवडतं, एवढंच ती म्हणाली. फोन नेमका म्हातारबांनी उचलला होता. मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरून, लंडनपर्यंत आवाज पोचावा म्हणून ओरडून त्यांनी शब्द दिला, की तुझ्या बापासाठी माझ्या कळपातला बोकड कापीन.

शब्द गेला लंडनला. कळप मात्र गेला होता डोंगराकडे. यंदा पाऊस रुसलेला, खालच्या रानात जे काही गवत होतं ते झेब्रे आणि हत्ती संपवत होते. रेसियातोचे दीर आणि सासूबाई सगळी गुरंढोरं घेऊन पहाडाच्या पायथ्याशी जाऊन राहिले होते. तळावर घराण्याची खाच असलेला एकच कान उरला होता, आणि तो मॅनेजरचा.

बाजारातून एखादा आणू या का, असं कोइनेतनं, म्हणजे रेसियातोच्या नवऱ्यानं, वडिलांना विचारून पाहिलं. म्हातारबांनी त्याच्याकडे न बघता काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली.

"बाजारातून आणलं की ती खानावळ झाली," ते म्हणाले. "मी पाहुणचाराचं बोलतोय."

कोइनेत गाडीचं चाक बदलायला निघून गेला. चाक चांगलं होतं.

आता रेसियातो काही बोकडाच्या मटणाला नाक मुरडणारी नव्हती. शेळ्या-मेंढ्यांत वाढलेली बाई ती. गोष्ट होती तिच्या लेकीची. तुम्पेस साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढत नव्हती. सगळं ऐकायची, सगळं कळायचं, पण बोलायची नाही. सासूबाईंनी पाल्याच्या धुऱ्या दिल्या, नान्युकीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिली. मग एका कोरड्या साली एक शेळी करडू मागे ठेवून मेली. त्या करडाला, म्हणजे आताच्या मॅनेजरला, बाटलीनं दूध पाजायचं काम कुणीतरी तुम्पेसच्या हातात दिलं. एका सकाळी रेसियातो चपात्यांची कणीक मळत होती आणि मागून आवाज आला, "ये इकडे. पी." ती पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. वळलं तर आवाज थांबेल म्हणून वळलीसुद्धा नाही. डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

आता तुम्पेस पाच वर्षांची आहे. दिवसभर बोलते आणि त्यातलं निम्मं मॅनेजरशी बोलते. बोकड गेला आणि शब्दही त्याच्यामागे गेले तर? हे रेसियातो कुणाजवळ बोलली नव्हती. बोलायला गेलं की खुळ्यासारखं वाटायचं.

आणि म्हातारबांशी तर बोलायची सोयच नव्हती. सून सासऱ्यापुढे जेवत नाही, त्याचं म्हणणं खोडत नाही. दोघांमध्ये जे काही बोलणं व्हायचं, ते तिसऱ्याला सांगितल्यासारखं. रेसियातो चुलीला सांगायची, की सरपण संपत आलंय हो. म्हातारबा काठीला सांगायचे, की या घरात चहाला साखर कमी पडायला लागलीय. अशा रीतीनं सात वर्षं दोघांचं उत्तम चाललं होतं. पण ‘बोकड कापू नका’ हे चुलीला कसं सांगायचं?

म्हणून तिनं वेगळी वाट काढली. त्यांच्या जमातीत एक रीत आहे. एकानं दुसऱ्याला जनावर दिलं, की त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना त्या जनावराच्या नावानं हाक मारायची. शेळी-बोकड दिला तर दोघं एकमेकांचे ‘पाकिने’. खरं नाव मागे पडतं, ही हाक मरेपर्यंत राहते. आणि एकदा तोंडानं दिलेलं जनावर परत घेता येत नाही. तुम्पेसनं मॅनेजर पाहुण्यांना देऊन टाकला तर? पाहुण्यांचंच जनावर पाहुण्यांसाठी म्हातारबा थोडेच कापणार? लंडनचे म्हातारा-म्हातारी. गोरी, नाजूक माणसं. बोकडाच्या गळ्यात पडून रडतील, फोटो काढतील, त्याला इथंच ठेवा म्हणतील आणि जातील.

बेत झकास होता. त्यात चूक एवढीच होती, की लंडनला राहत होती ती फक्त मुलगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून उतरले ते देशातल्याच नाकुरू शहराचे म्झे, म्हणजे बुजुर्ग, किमोथो. छातीनं कपाटाएवढे, कोटाची बटणं कशीबशी लागलेली. मागून त्यांच्या बायको वंजुगु उतरल्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. रेसियातो लेकीला थांबवायला पुढे झाली, पण तोवर उशीर झाला होता. तुम्पेस दोरी धरून पुढे गेलीच होती. पाठ करून घेतलेलं तिनं एका दमात म्हणून टाकलं, "हा तुमचा. आता मी तुम्हाला पाकिने म्हणणार आणि तुम्ही मला पाकिने म्हणायचं."

झाडाखाली स्टुलावर बसलेल्या म्हातारबांनी भुवया वर केल्या. कोइनेतनं पाहुण्यांना रीत समजावून सांगितली. किमोथोंनी टोपी काढली, खाली वाकले आणि बोकडाच्या गळ्यात पडण्याऐवजी त्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून, मागच्या मांडीवरून सराईत हात फिरवला. चेहरा उजळला.

"वा रे पाकिने," ते तुम्पेसला म्हणाले. "जन्मभर खाटकाचा धंदा केला, दुसऱ्यांचे बोकड कापले. स्वतःचा असा कुणी दिला नव्हता. उद्या मीच कापतो. सुरी माझी मी आणलीय."

म्हातारबा काठीला म्हणाले, "ज्याचा बोकड त्याची सुरी. बरंच झालं, माझा त्रास वाचला." आणि सुनेच्या दिशेनं त्यांनी इतक्या सोज्वळ चेहऱ्यानं पाहिलं, की तिला कळून चुकलं, म्हाताऱ्याला सगळं समजलंय.

तुम्पेसला मात्र काही समजलं नव्हतं. मॅनेजरला नवा मित्र मिळाला, एवढंच तिला ठाऊक.

रेसियातो स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरू लागली. डोळ्यांना कारण मिळावं म्हणून गरजेपेक्षा जास्तच चिरले. थोड्या वेळानं दारात वंजुगु येऊन उभ्या राहिल्या. पाहुण्या बाईला नुसतं बसवत नव्हतं. त्यांनी दुसरी सुरी घेतली, बटाटे पुढे ओढले आणि सोलता सोलता सहज विचारलं, की पोरीचा बोकड दिसतोय तो. रेसियातोनं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पहिला बटाटा सोलून होईतो तिनं सगळं सांगून टाकलं, पिठाच्या हातांपर्यंत.

वंजुगुंनी दुसरा बटाटा हातात घेतला. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना डॉक्टरनं मटण बंद केलंय. पायाचा अंगठा सुजतो, भोपळ्यासारखा होतो. लेकीला सांगू देत नाहीत. खाटकाला मटण बंद, लोक काय म्हणतील म्हणून."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकीचं पोर, एकीच्या नवऱ्याचा अंगठा. बायकांची युती व्हायला एवढं पुरतं.

"मला सांग," वंजुगु म्हणाल्या, "हा मॅनेजर खोड्या करतो का गं?"

"खोड्या?" रेसियातोला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. "मावशी, तो दुसरं काही करतच नाही."

मग काय, बोकड किमोथोंचा झाला होता ना? झाला तर पुरता झाला. दुपारचं जेवण आटोपून ते तंबूपुढच्या खुर्चीत जरा टेकतात न टेकतात, तोच स्वयंपाकघरातून पढवून पाठवलेला वाढपी अदबीनं हजर. दोन नंबरच्या तंबूत पक्षी बघायला आलेल्या बाई आहेत, त्यांची गवती टोपी आपल्या बोकडानं खाल्ली, मालकांच्या कानावर घालावं म्हटलं. किमोथो उठले, त्या बाईंची माफी मागून आले, स्वतःची टोपी देऊन आले. बसले. पुन्हा वाढपी. आपला बोकड पाच नंबरच्या न्हाणीत शिरलाय. किमोथो धावले. मॅनेजर साबणाची वडी चघळत होता, तोंडाभोवती लॅव्हेंडरचा फेस. किमोथोंना वाटलं पिसाळला. त्याला धरून त्याचं तोंड धुवायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की उलट्या खोपडीच्या बोकडाला आवरणं वेगळं आणि आवरलेल्याला कापणं वेगळं. तुम्पेस शेजारी उभी राहून शिकवत होती, "असं नाही, पाकिने. शिंगाला धरलं की त्याला राग येतो. हनुवटीखाली खाजवायचं. तिथं नाही, इथं."

संध्याकाळी रान बघायला जायची वेळ झाली. कोइनेत फार गंभीर चेहऱ्यानं आला. म्हणाला, गुराखी सगळे डोंगराकडे, पाण्याच्या बांधाजवळ बिबट्या फिरतोय, तळावर बोकड सोडून जाणं बरं नव्हे. तसा तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तसं. बायकोनं हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

"मग घ्या त्याला गाडीत," किमोथो वैतागून म्हणाले.

असा मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदा सफारीला निघाला. पुढे कोइनेत, मधल्या बाकावर वंजुगु आणि तुम्पेस, मागे किमोथो आणि त्यांचा बोकड. जिराफांनी मान वळवून पाहिलं. गेंड्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बांधाच्या वळणावर मात्र झुडपातून सिंहीण निघाली आणि वाटेच्या मधोमध येऊन थांबली. कोइनेतनं काचा वर करायला सांगितलं आणि गाडी मागे घ्यायला लागला. सिंहिणीनं माणसांकडे ढुंकून पाहिलं नाही. तिची नजर मागच्या काचेवर होती.

मॅनेजरनं आधी बाकाखाली जायचा प्रयत्न केला. पोट आडवं आलं. मग तो सरळ किमोथोंच्या मांडीवर चढला आणि त्यांच्या कोटात तोंड खुपसून थरथरत राहिला. किमोथोंनी आपला मफलर त्याच्या डोळ्यांवर टाकला आणि पाठीवर हात ठेवला. हात सकाळचाच, तीच पाठ, त्याच बरगड्या. पण या वेळी हात तिथंच राहिला.

"बघू नकोस तिकडं," ते पुटपुटले. "जाईल ती. जाईल."

परत येताना ते एकदाच बोलले, तेही स्वतःशी बोलावं तसं, "बोकडं मी जन्मभर पाहिली. पण शेवटच्या अर्ध्या तासातली. त्याआधी ती काय करतात, कधी विचार केला नव्हता."

वंजुगुंनी खिडकीबाहेर पाहिलं. हसू लपवायला रान फार उपयोगी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तळावर दोन म्हातारे दोन झाडांखाली बसले होते आणि दोघांचीही पंचाईत एकच होती. किमोथो सगळ्यांदेखत म्हणून बसले होते, की मीच कापतो. आता नाही म्हणावं तर खाटकाची अब्रू जाते. म्हातारबांनी लंडनला शब्द दिला होता. बोकड कापला गेला नाही तर घराण्याची अब्रू जाते. किमोथोंनी मघापासून सुरी चारदा घासली होती. दर वेळी आधीपेक्षा सावकाश. म्हातारबा उठून उगीच मॅनेजरजवळ जात, खिशातून मिठाचा खडा काढून त्याला चाटवत, आणि कुणी बघतंय असं वाटलं की काठी उगारत. मॅनेजर काठीला कधीच भीत नव्हता, त्याचं कारण रेसियातोला आज कळलं.

ती धुणं वाळत घालायला आली ती बरोबर दोन्ही झाडांच्या मध्ये. तुम्पेसच्या केसांतलं गवत काढत, पण आवाज दोन्हीकडे जाईल असा लावून म्हणाली, "कालपासून पाकिने पाकिने चाललंय तुझं. पण बाळा, एका बाजूनं दिलं की नातं लंगडं राहतं. पाहुण्यांकडून या घराला काही आलं असतं, म्हणजे कसं फिटंफाट झालं असतं. आणि ते आलेलं आपल्याच घरचं झालं असतं. जाऊ दे, पाहुण्यांना कसं सांगणार."

किमोथोंनी सुरी खाली ठेवली. म्हातारबांनी काठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे ते लक्ष देऊन ऐकत होते.

नान्युकीत किमोथोंच्या पुतण्याचं मटणाचं दुकान होतं. फोन गेला. दुपार कलता कलता धुळीचा लोट उठवत मोटरसायकल आली. मागे गोणपाटात मानेपर्यंत गुंडाळलेला एक काळा, जाडजूड बोकड बसला होता, आणि त्याचा चेहरा प्रवासाची तक्रार कुणाकडे करायची हे शोधत असल्यासारखा होता. किमोथोंनी त्याची दोरी म्हातारबांच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, रीतसर.

"हा तुमचा. आजपासून तुम्ही माझे पाकिने."

म्हातारबा खूष झाले. अगदी दात नसलेल्या बाजूनंसुद्धा हसले. बाजारातून आणलेला नव्हे, भेट आलेला. आपला. आपल्या हातानं पाहुण्यांसाठी कापायचा. लंडनचा शब्द खरा. त्यांनी सुरी मागितली, आणि किमोथोंनी दिलीसुद्धा, पण म्हातारबा थबकले. "थांबा. माझ्या कळपातला म्हणालो होतो मी. कानाला खाच नाही तोवर हा माझ्या कळपातला कसा?"

खाच पाडायची छोटी सुरी कुठं होती ते सासूबाईंना ठाऊक, आणि सासूबाई डोंगराकडे. ट्रंक उघडली, उशा उलटल्या, गाडीचा डबा पाहिला. शेवटी ती म्हातारबांच्याच कमरेच्या पट्ट्यात सापडली. या सगळ्यात थोडाच वेळ गेला, पण तेवढा पुरला. ते परत आले तेव्हा काळा बोकड झाडाखाली बसून गाजर खात होता, मॅनेजर त्याला वरपासून खालपर्यंत तपासत होता आणि तुम्पेस दोघांच्या मध्ये मांडी घालून बसली होती.

"अकुई," तिनं आजोबांना हाक मारली, "हा असिस्टंट. मॅनेजरला एकट्याला सगळे तंबू होत नाहीत ना, म्हणून पाकिनेंनी पाठवला. त्याला गाडीत मळमळलं म्हणाला."

म्हातारबांनी हातातल्या छोट्या सुरीकडे पाहिलं. किमोथोंनी स्वतःच्या मोठ्या सुरीकडे पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेसियातोच्या हातातला ओला टॉवेल तिनं किती वेळ पिळला ते तिलाही कळलं नाही.

म्हातारबा वाकले. असिस्टंटचा डावा कान हातात घेतला आणि त्याला घराण्याची खाच पाडली. बोकड एकदा ओरडला आणि पुन्हा गाजराला लागला.

"मी कापीन म्हणालो होतो," म्हातारबा ताठ उभे राहत म्हणाले. "आजच कापीन असं म्हणालो नव्हतो. पाकिने, पुढच्या वर्षी या. नक्की कापतो."

किमोथोंनी एवढा मोठा सुस्कारा टाकला, की कोटाचं वरचं बटण तुटून मातीत पडलं. "येतो," ते म्हणाले. "आणि त्या वर्षीही राहिला तर त्याच्या पुढच्या वर्षी. शब्द म्हणजे शब्द."

मग प्रश्न उरला रात्रीच्या जेवणाचा. चाळीस वर्षांचा लग्नाचा सोहळा, आणि निखाऱ्यांवर काही नाही. म्हातारबा चिंतेत पडले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वंजुगु आल्या, कमरेच्या फडक्याला हात पुसत, आणि म्हणाल्या, की चला, गरम आहे तोवर बसा. मेजावर बटाटे, मका आणि पाला घोटून केलेला हिरवागार मुकिमोचा ढीग होता, राजम्याची आमटी होती, भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी होत्या, चपात्यांची चळत होती. इतक्या माणसांचं हे रांधायला सकाळपासून चूल पेटलेली असावी लागते. किमोथोंनी ढिगाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"बटाटे केव्हापासून सोलताय तुम्ही दोघी?" त्यांनी विचारलं.

"कालपासून," वंजुगु म्हणाल्या. "वाढू का? न्यागुथीचे बाबा, अंगठा सांभाळून बसा."

तुम्पेस जेवताना सगळ्यांना सगळं सांगत होती. सिंहिणीचं, साबणाचं, मळमळीचं, पुन्हा सिंहिणीचं. दोन पाकिने तिचं ऐकत होते आणि तिसरी तीच होती. रेसियातो सासऱ्यांपुढे जेवत नसे, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थाळी घेऊन आडोशाला बसली होती. तिथून तिला लेकीचा आवाज स्पष्ट येत होता. तो थांबेल की काय म्हणून आज ती मान वळवायला भीत नव्हती.

म्हातारबा हात धुवायला त्या बाजूला आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या मॅनेजरच्या हनुवटीखाली खाजवत, अगदी कामाचं बोलावं तसं त्याला म्हणाले, "ज्या कुणी पोरीला दानधर्म शिकवला ना, तिला सांग, आता तोंडं दोन झालीत. गाजरं जास्त मागवायला लागतील." दोन पावलं गेले आणि परत आले. "आणि चहाला साखरही."